जाऊन आलेला आणि घरी राहिलेला

वरोऱ्याच्या स्टेशनातून दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या गाड्या रात्रंदिवस धावत असतात. त्यांतल्या पुष्कळ इथे थांबत नाहीत. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला डब्यांवरच्या पाट्या वाचायलाही सवड मिळत नाही, इतक्या वेगाने त्या निघून जातात. हा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकात वर्ध्याहून इथवर आला तो मुळात इथल्या खाणीतल्या कोळशासाठी. कोळसा गाडीत बसून दूरदूर जात होता आणि गावातली बहुतेक माणसे आपापल्या जागी राहत होती.

आजही साधारण तसेच आहे. काही जण जातात, बाकीचे राहतात. सुट्ट्या लागल्या की तरुण मंडळींत एक वाद हमखास निघतो. काहींचे म्हणणे असे की, प्रवास करावा तर एकट्याने. पाठीवर एक पिशवी, बरोबर कोणी नाही, मनाला येईल तिथे उतरावे. जो स्वतः गेला नाही, त्याने काही पाहिलेच नाही. दुसऱ्यांना ही उठाठेव वाटते. ते म्हणतात, इतके लोक जाऊन आले, त्यांनी पुस्तके लिहिली, चित्रफिती काढल्या. घरी बसून सगळे दिसते, मग पैसा आणि पाय का झिजवा? वाद हसतखेळत चालतो आणि चहाबरोबर संपतो. पण त्यात एक प्रश्न आहे तो चहाबरोबर संपण्याजोगा नाही. जे कधीच जाऊ शकणार नाहीत, त्यांचे पाहणे कमी दर्जाचे मानायचे का? आणि दुसऱ्याने आपल्यासाठी करावे असे प्रवास कोणते, आपले आपणच करायचे कोणते?

पहिल्या गटाची घाई मला पटत नाही. आपल्या मराठी मुलखाने घरी राहिलेल्या माणसाचा प्रवासावरचा हक्क फार पूर्वीपासून मानलेला आहे. काशीला जाऊन आलेला माणूस गंगेचे पाणी आणतो, घरी गंगापूजन करतो आणि भाऊबंदांना, शेजाऱ्यांना मावंदे घालतो. यात्रा त्याने एकट्याने केलेली असते, पण मावंद्याचे जेवण झाल्याशिवाय ती पुरी झाली असे कोणी म्हणत नाही. पंढरीच्या वारीहून परतलेल्या वारकऱ्याच्या पाया पडायला घरातली थोर माणसेही पुढे होतात. त्या पायांना वाटेची धूळ लागलेली असते. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याला, ओल्या बाळंतिणीला, शेत सोडून जाता न आलेल्या गड्याला त्या धुळीतून वारी पोचते. ह्या मंडळींना कोणी ‘तुम्ही काही पाहिले नाही’ असे म्हटले तर तो शुद्ध उद्धटपणा होईल.

कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होते, आणि तिकडे मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, अशी आशा होती. वाटेत बंडाचा वणवा पेटला. झाशीच्या वेढ्यात ते सापडले, कत्तल आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली, मिळवलेले द्रव्य हातचे गेले. असा माणूस परत येताना काय घेऊन येतो? विष्णुभट गंगेची कावड खांद्यावर घेऊन आले आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक पुढे १९०७ साली छापून निघाले आणि मराठी वाचकाला झाशी दिसली. पण पुस्तकाच्या कितीतरी आधी ती कावड घरी पोचली होती. त्या स्नानानंतर काशी कोणी पाहिली म्हणायची, मुलाने की आईवडिलांनी? मला तर वाटते, त्या घराने पाहिली.

आपल्या चर्चच्या भिंतींवर क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने आहेत. उपवासकाळातल्या शुक्रवारी आपण एका स्थानाकडून दुसऱ्याकडे सरकतो तेव्हा ही मुळात प्रवासाची सोय आहे हे क्वचितच लक्षात येते. जेरुसलेमला जाणे हे युरोपातल्या शेतकऱ्याच्या, विधवेच्या, अपंगाच्या आवाक्यातले नव्हते. जाऊन आलेल्यांनी ती वाट आपापल्या गावात मांडली आणि फ्रान्सिस्कन बंधूंनी ह्या भक्तीचा प्रसार केला. पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ साली सगळ्या चर्चमधून अशी स्थाने उभारायला मोकळीक दिली आणि त्यांची संख्या चौदा ठरवली. यात एक गंमत आहे. स्थानांची संख्या आणि क्रम पुष्कळ अंशी युरोपातल्या गावांतच ठरत गेला आणि मग यात्रेकरूंच्या अपेक्षेपोटी खुद्द जेरुसलेमातली वाटही त्याप्रमाणे मांडली गेली. म्हणजे घरी राहिलेल्यांनी जाणाऱ्यांची वाट आखून दिली!

बाळ येशूच्या संत तेरेजाचे उदाहरण तर आपण नेहमी ऐकतो. पंधराव्या वर्षी, १८८८ साली, ती लिझ्यूच्या कार्मेल मठात गेली आणि १८९७ साली चोविसाव्या वर्षी तिथेच वारली. चीनला निघालेल्या एका तरुण मिशनरी धर्मगुरूशी तिचा पत्रव्यवहार होता. तो जिथे काम करणार होता त्या प्रांताचा नकाशा तिने आपल्या कामाच्या जागी भिंतीवर लावून ठेवला होता. पुढे १९२७ साली पोप अकरावे पायस यांनी संत फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीने तिला मिशन कार्याची आश्रयदाती संत म्हणून जाहीर केले. एक सारा जन्म बोटीत, परक्या किनाऱ्यांवर घालवलेला, दुसरी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहणारी. दोघांचा मान सारखा.

तर मग दुसऱ्या गटाचे बरोबर म्हणायचे का? फोनवर दाखवतात तेवढे पुरे? तसेही नाही. वर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीत एक धागा आहे. विष्णुभटांचे आईवडील वर्षानुवर्षे वाटेकडे डोळे लावून होते. तेरेजा त्या धर्मगुरूसाठी प्रार्थना करत होती, त्याच्या पत्राची वाट पाहत होती. जाणाऱ्याच्या मनात घरचे होते आणि घरच्यांच्या मनात जाणारा होता. आज फोनच्या पडद्यावर कोणी परदेशातल्या बर्फातून चालत असतो. आपण दोन मिनिटे पाहतो, अंगठा सरकतो, लगेच वाळवंटातला उंट येतो. त्या चालणाऱ्याला आपण ठाऊक नाही, आपल्यालाही उद्या तो आठवत नाही. ह्याने काही वाईट होते असे मी म्हणत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी तो फोन असला तर त्याची दुपार बरी जाते, आणि त्याच्या सेवेत अडकलेल्या घरच्या बाईचीही. फक्त ह्याला मावंदे म्हणू नये. कावड कोणाच्याच खांद्यावर नाही.

शिवाय ‘घरबसल्या पाहा’ ह्या सल्ल्याचा एक वाईट उपयोग आपल्याकडे होतो. मुलगा म्हणाला, मी एकटा हिमालयात जातो, तर घरचे काळजी करतात आणि शेवटी पैसे देतात. मुलगी म्हणाली तर तिला सांगतात, अगं, फोनवर सगळे दिसते, कशाला जायचे? इथे दुसऱ्याचा प्रवास देऊन तिचा स्वतःचा काढून घेतला जातो. ज्याला जाता येत नाही, त्याच्यापर्यंत दूरचे जग आणणे ही दया आहे. जिला जाता येते पण जाऊ देत नाहीत, तिच्या हातात तेच जग चित्र म्हणून ठेवणे हे वेगळेच काहीतरी आहे. काळजी खरी असेल, रस्ते सुरक्षित नसतील, ते मान्य. पण मग रस्त्याबद्दल बोलावे, मुलीच्या हौसेला दोष देऊ नये.

पंडिता रमाबाईंना अशा सल्ल्यांची कमी नसणार. लहानपणी त्या आईवडिलांबरोबर तीर्थामागून तीर्थ पायी हिंडल्या. दुष्काळात आईवडील गेले, तेव्हा भावाबरोबर हिंडल्या. १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, १८८६ साली अमेरिकेला. परत आल्या त्या १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या लोकस्थितीवरचे आपले प्रवासवृत्त मराठीत प्रसिद्ध केले. तिथले राज्य कसे चालते, शाळा कशा आहेत, बायका कोणकोणती कामे करतात, हे सारे त्यांनी समुद्र कधीच न ओलांडणाऱ्या वाचकांसाठी लिहून काढले. पुढे डॉ. मीना प्रभूंनी देशोदेशी, पुष्कळदा एकटीने फिरून ‘दक्षिणरंग’, ‘मेक्सिकोपर्व’, ‘चिनी माती’ अशी पुस्तके दिली, तीही किती घरांत वाचली गेली! घरी बसून पाहणाऱ्यालासुद्धा कोणीतरी गेलेले लागतेच.

आणि गेलेल्याला जे मिळते त्यातले एक काही केल्या घरी आणता येत नाही. एकटा माणूस परक्या गावी उतरतो तेव्हा त्याला पाणी मागावे लागते. भाषा येत नाही, आडनाव कोणाला ठाऊक नाही, वडिलांची ओळख तिथे चालत नाही. कोणी अनोळखी माणूस दार उघडतो की नाही, ह्यावर त्याची रात्र अवलंबून असते. घोळक्याने जाणाऱ्याला हे कळत नाही, कारण घोळका आपले गाव बरोबर घेऊन फिरतो. डबे उघडतात, आपल्याच चटण्या, आपल्याच गप्पा. एकट्याने प्रवास करण्याच्या बाजूने मला सगळ्यात वजनदार वाटते ते हेच. डोंगर आणि समुद्र पुस्तकातूनही सुंदर दिसतात. परक्याच्या दारात उभे राहणे मात्र पुस्तकातून अंगाला लागत नाही.

पण वरोऱ्यात बसून एकट्याच्या प्रवासाचे गोडवे गाताना जरा थांबावे लागते. ह्या मातीवर पुष्कळ माणसे एकटी चालत आली आहेत, आणि त्यांतल्या कोणालाच ती हौस नव्हती.

कुष्ठरोग झाला की घर सुटत असे. गाव सुटत असे. इंग्रजांनी १८९८ साली केलेला कायदा जिथे लागू केला जाई, तिथे कुष्ठरुग्णाला भाड्याच्या सार्वजनिक वाहनात बसायला बंदी घालता येत होती, सार्वजनिक विहिरीवर आणि तळ्यावर जायलाही. भीक मागताना दिसला तर पोलीस त्याला वॉरंटाशिवाय पकडू शकत. हा कायदा संसदेने रद्द केला तो २०१६ साली. कायदा नसता तरी लोकांच्या नजरा होत्याच. त्यामुळे असा माणूस पायी जाई, आणि एकटा जाई. त्याच्या प्रवासाची हकिकत ऐकायला घरी कोणी थांबलेले नसे. गंगेचे पाणी त्याने आणले असते तरी ते कोणी घेतले नसते.

मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, तेव्हा वरोऱ्यात वकील होते, नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. भंग्यांचे काम समजून घ्यावे म्हणून त्यांनी डोक्यावरून मैला वाहिला होता. असा निधड्या छातीचा माणूस एका पावसाळी संध्याकाळी रस्त्याकडेच्या गटारात पडलेल्या कुष्ठरुग्णाला पाहून पळाला. त्या रुग्णाचे नाव तुळशीराम. बोटे झडलेली, अंगावर किडे. बाबांनी हे पळणे कधी लपवले नाही, पुढे जन्मभर सांगितले. मग ते परत फिरले, तुळशीरामला आडोसा केला, त्याची सेवा केली. जितके अंतर पळून गेले होते तितकेच परत आले असतील, फार तर काही फर्लांग. पण ह्या परतीच्या वाटेवर त्यांना कोणाची सोबत नव्हती, आणि त्यांच्याऐवजी दुसरा कोणी ती चालू शकला नसता. पुढे ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये ह्या रोगाचे शिक्षण घ्यायला गेले. लांबचा तो प्रवास मला त्या मानाने सोपा वाटतो.

१९५१ साली आनंदवन उभे राहिले. सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये, ही सुरुवातीची पुंजी आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. त्याच दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ह्या संस्थेचे स्वयंसेवक देशोदेशींहून इथे आले. रुग्णांबरोबर राहिले, त्यांच्याबरोबर विटा वाहिल्या, इमारती बांधल्या. त्या रुग्णांनी स्वित्झर्लंड कधी पाहिले नाही, पण स्वित्झर्लंडकडचा माणूस त्यांच्या पंगतीला बसला. आता ह्याची दुसरी बाजू पाहा. वरोरा गाव तिथून दोन-तीन किलोमीटरवर. गावाला आनंदवनातल्या भाजीचीही भीती वाटत होती. समुद्रापलीकडची माणसे तिथे जेवतात-राहतात हे दिसले तेव्हा कुठे ही भीती हळूहळू ओसरू लागली. म्हणजे वरोऱ्याने आनंदवन आधी पाहिले ते परदेशी पाहुण्यांच्या डोळ्यांनी. एका परीने हेसुद्धा दुसऱ्याच्या प्रवासातून पाहणेच झाले, आणि त्याने चांगलेही झाले. तरी मनात येते, दोन-तीन किलोमीटरसाठी सात समुद्रांचा वळसा?

बाबांच्या उत्तर आयुष्यातला एक प्रवास ह्या विषयात आणखी विचार करायला लावतो. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे. उभे राहायचे किंवा आडवे पडायचे. १९८४ च्या दंगलींच्या जखमा ताज्या होत्या, पंजाब जळत होता. अशा वेळी, डिसेंबर १९८५ मध्ये, एकाहत्तर वर्षांचे बाबा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. बरोबर शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर, आणि बाबा गाडीत आडवे. ‘भारत जोडो’ हे त्या अभियानाचे नाव. अंतर सुमारे पाच हजार किलोमीटर. पुढे १९८८-८९ मध्ये अरुणाचलातल्या इटानगरहून गुजरातेतल्या ओखापर्यंत दुसरी यात्रा झाली, ती तर त्याहूनही लांबीची.

त्या गाडीत आडव्या पडलेल्या माणसाला काय दिसत असेल? खिडकीतून आभाळ, झाडांचे शेंडे, विजेच्या तारा. रस्ता दिसत असेल तो मुक्कामाला तरुण पोरे येऊन सांगत तेव्हा: चढ कसा होता, कोणी पाणी दिले, कोणत्या गावात कोणी दगड उचलले असतील तर तेही. पाय त्यांचे होते, घाम त्यांचा होता. आणि तरी तो बाबांचा प्रवास नव्हता असे कोण म्हणेल? त्यांच्यावाचून ती पोरे कन्याकुमारीला जमलीच नसती. इथे जाणारा आणि घरी राहणारा अशी वाटणीच पुसून गेली आहे. एक माणूस एकाच वेळी प्रवासात आहे आणि दुसऱ्यांच्या तोंडून प्रवास ऐकतोही आहे.

अर्थात असे जमून येणे विरळा. आपली गोष्ट साधी असते. आपल्याकडची काही कुटुंबे वेलांकन्नीला जाऊन येतात, पुढल्या रविवारी मिस्सा संपल्यावर अंगणात प्रसाद वाटतात, मेणबत्तीचे तुकडे, तेलाची बाटली देतात. आपण काय विचारतो? गर्दी होती का, तिकीट कन्फर्म झाले का. इथपर्यंतच. कुठे झोपलात, कोणासाठी काय मागितले, वाटेत कोणी मदत केली, असे विचारले तर सांगणाऱ्याचा चेहरा उजळतो आणि ऐकणाऱ्याला खरोखर काही दिसते. ऐकणे हेही काम आहे, त्याला वेळ द्यावा लागतो. तेरेजाने नकाशा लावला होता तो ह्याचसाठी असावा.

हे झाले दूरच्या ठिकाणांचे. जेरुसलेम, काशी, अमेरिका आपल्यासाठी दुसरा कोणी पाहून येऊ शकतो आणि आपल्याला देऊ शकतो. मात्र गटारापासून मागे फिरून तुळशीरामपर्यंत जायचे जे थोडके अंतर असते, ते कोणी आपल्याला आणून देत नाही. त्याची पुस्तके वाचून, त्यावरचा चित्रपट पाहून डोळे भरून येतात, आणि आपण जागच्या जागी असतो. आनंदवन पाहायला पुण्या-मुंबईच्या सहली येतात, वहीत छान अभिप्राय लिहितात. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. ते निदान आले. आपल्यातल्या किती जणांनी शेजारच्या मोहल्ल्यातले एखादे दार आजवर ठोठावलेले नाही, ह्याचा हिशेब कोणी वहीत लिहीत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात. औषध सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते, सहा महिने किंवा वर्षभर नीट घेतले की रोग बरा होतो, आणि औषध सुरू होताच दुसऱ्याला लागण होण्याची भीती जवळजवळ उरत नाही. हे सगळे भिंतीवरच्या सरकारी फलकांवर लिहिलेले असते. तरीही अंगावर बधिर चट्टा दिसलेला माणूस गावच्या केंद्रात जात नाही. ओळखीचे कोणी भेटेल म्हणून तो दुसऱ्या तालुक्याच्या दवाखान्यात जातो, सकाळच्या पहिल्या एस.टी.ने, घरी वेगळेच काहीतरी सांगून. हासुद्धा एकट्याचा प्रवास आहे, आजच्या काळातला. बोटे वाकडी झालेली असली आणि ती त्याने शालीखाली धरलेली असली, तर बाकी गाडी भरलेली असूनही त्याच्या शेजारची जागा कधी कधी शेवटच्या थांब्यापर्यंत रिकामी राहते.